हिरवे जंगल, उपाशी माशी

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडपाशी एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगडचे अबूझमाड, अलीकडे माडिया गोंडांची गावे आणि दोन्ही काठांवर जंगल. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागले की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी छापून येते. याच जंगलात फुलोऱ्याच्या हंगामात येणाऱ्या एका पाहुण्याची बातमी मात्र होत नाही. आग्यामाश्यांचे थवे येतात, उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली एकच मोठे उघडे पोळे लावतात, काही महिने राहतात आणि फुले सरली की पोळे सोडून निघून जातात. पुढच्या हंगामात ते परततात, पुष्कळदा त्याच झाडावर.

हे परतणे साधे नाही. कामकरी माशीचे आयुष्य काही आठवड्यांचे असते. जी माशी झाड सोडून गेली, ती परत येण्याइतकी जगत नाही. तरीही वसाहत तेच झाड शोधते. आसाममधल्या आग्या मोहोळांची जनुकीय तपासणी करून शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की हंगामानंतर परतलेल्या वसाहती खरोखर त्याच राण्यांच्या होत्या. झाडाची ही आठवण पिढ्या बदलूनही कशी टिकते, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. पण त्यातून एक गोष्ट ठळक होते. आग्यामाशीला जंगल नुसते असून भागत नाही. ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक झाड उभे असावे लागते.

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाच्छादित आहे. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला हे भाग्य नाही. त्यामुळे ‘तिथल्या माश्यांना काय कमी?’ असा प्रश्न पडणे साहजिक आहे. याचे उत्तर शोधायचे तर जंगल माशीच्या बाजूने पाहावे लागते.

मध्य भारताच्या जंगलात मध गोळा करणाऱ्या माश्यांचे मुख्य प्रकार चार. उघड्यावर भलेमोठे पोळे लावणारी आग्या. झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी. झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. आणि खोडाच्या फटीत राहणारी, नांगी नसलेली, चिलटाएवढी माशी. प्रत्येकीची धाव वेगळी. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फुलोरी आणि सातेरी साधारण किलोमीटरभराच्या आतच अन्न शोधतात, तर आग्या त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब जाते, असे दिसले. म्हणजे सातेरीच्या घराभोवती किलोमीटरभर परिघात जे फुलते, तेच तिचे जग. त्यातला एक नाला, एक टेकडी उजाड झाली तर तिच्या जगाचा मोठा तुकडा गेला.

अन्न कुठे आहे हे माश्या एकमेकींना नाचून सांगतात. हे कोडे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर माशी पोट हलवत सरळ धावते. ही धाव वरच्या दिशेने असेल तर फुले सूर्याच्या दिशेला आहेत. ती उभ्या रेषेपासून जितकी कललेली, तितका सूर्य आणि फुले यांच्यात कोन. धाव जितकी लांबते, तितके अंतर जास्त. फुलोरी मात्र आपल्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि थेट फुलांकडेच तोंड करून दिशा दाखवते.

अंतर मोजण्याची माशीची रीत तर आणखी नवलाची आहे. किती दमलो किंवा किती वेळ उडालो यावरून ती अंतर ठरवत नाही. उडताना बाजूची झाडे, गवत, जमीन डोळ्यांसमोरून किती सरकली, याचा ती हिशेब ठेवते. बेंगळुरूत शिकलेले आणि ऑस्ट्रेलियात काम केलेले शास्त्रज्ञ एम. व्ही. श्रीनिवासन यांनी चित्रविचित्र नक्षीच्या अरुंद बोगद्यांतून माश्यांना उडवून हे सिद्ध केले. बोगदा जेमतेम काही मीटरांचा, पण त्यातून आलेली माशी पोळ्यावर शेकडो मीटर दूरच्या अन्नाचा नाच करी. याचा अर्थ, दाट रानातून उडणारी माशी आणि मोकळ्या माळावरून किंवा पाण्यावरून उडणारी माशी तेवढेच अंतर वेगवेगळे ‘वाचतात’. जंगलाचा पोत बदलला की माशीच्या भाषेतली मापेही बदलतात. एकाच वाटेने जाणाऱ्या बहिणींना त्याने अडचण येत नाही, कारण सगळ्यांची मोजपट्टी तीच असते. पण भूप्रदेश माशीच्या वागण्यात किती खोलवर शिरलेला आहे, ते यातून कळते.

आग्याची आणखी एक खासियत आहे. ती चांदण्या रात्रीही चरायला बाहेर पडते. तिचे डोळे सातेरी-फुलोरीच्या डोळ्यांपेक्षा मोठे आणि मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात. ज्या जंगलात काही झाडे रात्रीच फुले उमलवतात, तिथे ही केवढी मोठी सोय. आणि म्हणूनच रात्रीच्या कृत्रिम दिव्यांचा सर्वाधिक फटकाही तिलाच बसतो. आग्यामाश्या प्रखर दिव्यांकडे ओढल्या जातात आणि सकाळी खांबाखाली मरून पडलेल्या दिसतात.

आता जंगलाकडे वळू. पूर्व विदर्भातल्या मिश्र रानाचा फुलोरा एखाद्या पंचांगासारखा चालतो. थंडी उतरू लागली की चार आणि सावर. फेब्रुवारी-मार्चला पळस, कुसुम, मोई. त्यांच्या पाठोपाठ मोह, मग जांभूळ. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात, माणसाला सगळे रान वाळलेले वाटते तेव्हा, करंज, तेंदू, हिरडा, बेहडा आणि नदीकाठचा अर्जुन फुललेले असतात. पावसाच्या तोंडाशी येन. पावसाळ्यात साग. पाऊस संपता संपता बोर, तीळ आणि रानातल्या असंख्य लहानसहान वनस्पती. नंतर गावाभोवतीच्या शेतांत तूर, जवस, धानाच्या बांध्यांतली लाखोळी. एक सरते तोवर दुसरे सुरू होते. मकरंदाने पोट भरते, पण पिल्ले वाढतात परागावर, आणि एका झाडाचा पराग सगळी पोषणतत्त्वे पुरवत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की अनेक प्रकारचा पराग खाणाऱ्या माश्यांची रोगप्रतिकारशक्ती एकाच प्रकारचा पराग खाणाऱ्या माश्यांपेक्षा चांगली राहते.

या साखळीतली एखादी कडी निखळली तर? आधी माश्या लांब जाऊ लागतात. लांबचा मकरंद आणताना त्यातला बराचसा भाग उडण्याचे इंधन म्हणून वाटेतच खर्च होतो. मग राणी अंडी कमी घालते, कमी वयाच्या माश्या घरकाम सोडून चरायला निघतात, एकमेकींच्या पोळ्यांची लूट सुरू होते. तरीही भागले नाही तर आपल्याकडच्या माश्या घर सोडतात. सातेरी आणि आग्या दोघींनाही ही सवय आहे. रिकामे पोळे पाहून माणूस ‘माश्या पळाल्या’ म्हणतो. त्या उपासमारीतून बाहेर पडलेल्या असतात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हा साखळीचा प्रश्न नवा नाही. राज्याचे वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांत अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून सागाची लागवड झाली. साग इथला स्वतःचाच वृक्ष आहे. आलापल्लीच्या सागाची कीर्ती देशभर आहे. त्याच्या तुऱ्यावर हजारो बारीक पांढरी फुले येतात आणि माश्या त्यांवर जातातही. अडचण वेगळी आहे. साग फुलतो जुलै ते सप्टेंबर. त्या काळात पावसाच्या झडीने माशीला बाहेर पडता येत नाही, मकरंद धुऊन जातो. फेब्रुवारी ते जून, म्हणजे वसाहत वाढण्याचा आणि मध साठवण्याचा जो काळ, त्या काळात सलग सागाच्या रानात माशीला काही मिळत नाही. जिथे कुसुम, जांभूळ, येन, बेहडा एकमेकांत मिसळून उभे होते, तिथे एकच झाड रांगेने उभे राहिले तर वरून पाहणाऱ्याला हिरवाई तीच दिसते.

आणि आपला सरकारी हिशेब वरूनच होतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टरपेक्षा मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर ते ‘वनाच्छादन’. जमीन कुणाचीही असो, झाड कुठलेही असो. त्यात फळबागा येतात, बांबू येतो, लागवडी येतात. उपग्रहाच्या चित्रात शंभर जातींचे रान आणि एका जातीची लागवड यांना एकाच रंगाचे गुण मिळू शकतात. माशीच्या हिशेबात त्यातले एक वर्षभर पुरणारे घर आहे आणि दुसरे दोन-तीन महिन्यांचे.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातला एक प्रयोग याच मुद्द्यावर बोट ठेवतो. तिथे मैलोन्‌मैल सोयाबीन आणि मका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी सोयाबीनच्या शेतांजवळ पेट्या ठेवल्या. उन्हाळ्यात सोयाबीन आणि तिपानी गवत फुलले तेव्हा पेट्यांचे वजन झपाट्याने वाढले. ऑगस्टनंतर फुले संपली आणि साठवलेला मध माश्यांनी खाऊन संपवायला घेतला. हिवाळा तोंडावर असताना पेट्या हलक्या होत गेल्या. मग काही पेट्या पुन्हा उभ्या केलेल्या गवताळ कुरणात हलवल्या. तिथे उशिरापर्यंत रानफुले होती. त्या पेट्या सावरल्या. एकसुरी भूप्रदेशात माशी मेजवानी आणि दुष्काळ यांच्यात हेलकावत असते, आणि मरते ती दुष्काळात.

ब्रिटनमध्ये तर माश्यांच्या नाचावरूनच भूप्रदेशाची पाहणी झाली. ससेक्स विद्यापीठात काचेच्या पोळ्यांतील पाच हजारांहून अधिक नाचांचे चित्रीकरण करून ते उलगडले गेले. वसंतात माश्या सरासरी अर्ध्या किलोमीटरच्या आत चरत होत्या. भर उन्हाळ्यात, चारी बाजूंना हिरवेगार दिसत असताना, तेच अंतर दोन किलोमीटरांच्या वर गेले. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात लंडन शहरातल्या माश्यांना शेतीप्रदेशातल्या माश्यांपेक्षा जवळ अन्न मिळते असे आढळले. शहरातल्या बागांमध्ये काही ना काही फुललेले असते, म्हणून. यावरून कुणी शहरीकरणाची वकिली करू नये. पण ‘गाव म्हणजे निसर्ग’ ही समजूत माशीपुढे टिकत नाही, एवढे खरे.

भामरागडच्या शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडची टेकडी आहे. तिथल्या लोहखनिजाचा पट्टा बरीच वर्षे बहुतांशी कागदावरच होता. २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला आणि खनिज वाहणाऱ्या जड वाहनांनी एटापल्ली-आलापल्ली-आष्टी हा मार्ग भरून गेला. स्थानिक गोंड-माडियांसाठी ही टेकडी ठाकूरदेवाची. २०२५ मध्ये प्रक्रिया प्रकल्पासाठी नऊशे हेक्टरांहून अधिक वनजमीन वळवायला आणि टप्प्याटप्प्याने एक लाखाहून अधिक झाडे तोडायला केंद्राकडून मंजुरी मिळाली. त्याच वर्षी हेडरीहून कोनसरीपर्यंत खनिज पाण्यात मिसळून नेणारी नळवाहिनीही सुरू झाली. रस्त्यावरची धूळ तिने कमी होत असेल तर ते चांगलेच आहे.

धुळीचा उल्लेख उगाच केलेला नाही. बेंगळुरूत गीता थिम्मेगौडा आणि शॅनन ओल्सन यांच्या गटाने शहराच्या कमी-अधिक प्रदूषित भागांतून अठराशेवर आग्यामाश्या तपासल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, हवेत धूलिकण जास्त तिथे माश्या फुलांवर कमी येत होत्या. त्यांच्या अंगावर धातूंचे कण चिकटलेले होते. हृदयाचे ठोके बिघडलेले होते. प्रदूषित भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक २४ तासांच्या आत मेल्या. ही तीच आग्यामाशी, जी भामरागडच्या येनावर पोळे लावते. ती पाळीव नाही, पेटीत राहत नाही, तिला उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. खाणीच्या आणि महामार्गाच्या पर्यावरण परिणाम अहवालात वाघ, अस्वल, पक्षी यांच्या याद्या असतात. परागीभवन करणाऱ्या माश्यांची नोंद त्यात असायलाच हवी. चार, जांभूळ, आवळा, तेंदू यांना फळ धरते ते कीटकांच्या येण्याजाण्यावर, आणि त्या फळांवर अस्वलापासून माडिया कुटुंबापर्यंत सगळ्यांचा उन्हाळा निघतो.

मोठ्या झाडांचा प्रश्न तर याहून अवघड. आग्याला उंच, जुने, आडव्या जाड फांद्यांचे झाड लागते. एकाच झाडावर अनेक पोळी लागलेली दिसतात ती अशाच वृक्षांवर. आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचा एक तुकडा अनेक दशके कुऱ्हाडीपासून राखला गेला. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. पूर्वीचे रान कसे होते याची कल्पना तिथले वृक्ष पाहून येते. भामरागड अभयारण्य १९९७ पासून आहे, पण त्याचा विस्तार शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटरांच्या आतच. शेकडो किलोमीटरचा प्रवास करू शकणारी आग्यामाशी असल्या सीमारेषांमध्ये मावत नाही. थायलंडमध्ये संशोधकांना तिच्या प्रवासातले विसाव्याचे ठिकाण सापडले. तिथे थवे पोळे न बांधता काही दिवस झाडांवर लटकून राहतात आणि पुढे जातात. म्हणजे फक्त राहण्याची झाडे वाचवून पुरत नाही, वाटेवरचीही लागतात.

दोष सगळा बाहेरच्यांच्या माथी मारण्यासारखे मात्र नाही. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. तेंदूच्या कोवळ्या पानांसाठी झुडपे छाटतात आणि वणवे लागतात. हे सारे फेब्रुवारी ते मे दरम्यान, म्हणजे माश्यांच्या ऐन हंगामात. जुन्या पद्धतीने मध काढतानाही पेटत्या पलित्याने माश्या होरपळतात, पोळे पिल्लांसकट कापले जाते, आणि पुढच्या वर्षी परतणारी राणीच उरत नाही.

यावर उपाय याच जिल्ह्याने शोधला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने देशात सर्वांत आधी, २००९ मध्ये, सामूहिक वनहक्क मिळवला. गावाच्या अभ्यासगटांची परंपरा त्याहून जुनी आहे. मध हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता आणि त्यातून अहिंसक मधसंकलनाची रीत गावात रुजली. आग्याच्या पोळ्यात मध एका बाजूला, फांदीलगत साठवलेला असतो आणि पिल्ले खाली. अंगात संरक्षक पोशाख घालून, माश्यांना न जाळता, फक्त मधाचा भाग कापायचा. पिल्लांचा भाग तसाच राहिला तर वसाहत उडून जात नाही, मध पुन्हा भरते, आणि त्याच पोळ्यातून हंगामात परत मध घेता येतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही या पद्धतीचे प्रशिक्षण विदर्भातल्या आदिवासींना दिले. मध स्वच्छ निघतो, भाव बरा मिळतो.

मधाच्या नावाने पेट्या वाटण्याकडे शासनाचा ओढा असतो. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथे सह्याद्रीचे रान सभोवार आहे आणि मधपाळांच्या पिढ्या आहेत, म्हणून ते चालते. गडचिरोलीत पेट्या आणायच्या तर आधी त्या गावच्या परिघात कुठल्या महिन्यात काय फुलते याची नोंद हवी. पेटीने फुले वाढत नाहीत. रानटी माश्यांच्या तुटपुंज्या अन्नात वाटेकरी मात्र वाढतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव या बाबतीत विशेष लक्षात घ्यावे असे आहे. वनहक्क हाती आल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद केले. पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात आणि झाडाला फळ धरत नाही, हे गावकऱ्यांनी मांडलेले कारण. बांबूच्या विक्रीवर गाव चालले. जंगलाचा काही भाग देवराई म्हणून राखला गेला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पाचगावबद्दल वारंवार लिहिले आहे. निर्णय माश्यांसाठी घेतला नव्हता, पण न छाटलेला तेंदू एप्रिल-मेमध्ये फुलतो, म्हणजे नेमका दुष्काळाच्या तोंडावर.

प्रकल्पासाठी वनजमीन गेली की बदल्यात पर्यायी वनीकरण करावे लागते. ते राज्यात कुठेही, अगदी दुसऱ्या जिल्ह्यातही होऊ शकते. एटापल्लीतला येन-बेहडा गेला आणि शंभर-दोनशे किलोमीटरवर रोपे उभी राहिली तर हेक्टरांचा आकडा जुळतो, पण किलोमीटरभर उडणाऱ्या सातेरीला त्यातले काहीच मिळत नाही. रोपे कुठे आणि कुठल्या जातींची लावायची, हे फुलोऱ्याच्या महिन्यांवरून ठरवता येते. उन्हाळ्यात फुलणारे करंज, जांभूळ, अर्जुन, कुसुम, बेहडा यांचे प्रमाण ठरवून देणे ही काही खर्चीक गोष्ट नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभांना दिलेला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. गावातल्या मध काढणाऱ्यांना विचारले तर आग्या कुठल्या झाडांवर उतरते, ती झाडे ते बोट ठेवून दाखवतात. त्या झाडांना क्रमांक देऊन आराखड्यात त्यांची नोंद करणे, आणि त्यांच्या आसपास मे अखेरपर्यंत आग लागू न देणे, या दोन गोष्टी तर ग्रामसभेच्या एका बैठकीत ठरू शकतात.